पत्रं, फोन आणि शेजारची चारपाई

पहिल्या महायुद्धात हिंदी पलटणी फ्रान्सच्या आघाडीवर होत्या, तेव्हा त्यांची पत्रं तपासायला सेन्सॉरची कचेरी होती. प्रमुख एव्हलिन हॉवेल. काम सुरक्षेचं, पण जानेवारी १९१५ च्या सुमारास त्यानं वेगळीच नोंद केली: पत्रांत कविता लिहिणारे वाढताहेत, आणि हे मन अस्वस्थ असल्याचं वाईट लक्षण आहे. माणूस वाचणारा सेन्सॉर!

त्या जवानांतले बरेच निरक्षर. पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं, आलेलं दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं. जमिनीचा तंटा असो की पोराचं आजारपण, पलटणीत आणखी कुणाला तरी ते ठाऊक असायचंच. खाजगीपण नव्हतं, तसं एकटेपणही पुरतं नव्हतं.

मी पलटणीत आलो तेव्हा सगळ्यांना लिहिता-वाचता येत होतं, पण पत्ता '५६ एपीओ' आणि डाक उशिरानं. ती वाटली जाताना आमचे सुभेदारसाहेब चेहरे बघत. लंगरमधून ताट टाकून कुणी उठला, की त्याच्यामागे ते एकाला पाठवत. काश्मीरमध्ये मोबाइल २००३ साली सुरू झाला. हळूहळू डाकेची गर्दी ओसरली आणि बघायला चेहरेही एका जागी राहिले नाहीत.

पुढे माझ्या कंपनीतला एक जवान आम्ही गमावला. त्यानं स्वतःच जीव दिला. शेवटचे काही आठवडे तो रात्री तासन्‌तास फोनवर असे. मला वाटे, बरं आहे, घराशी धागा आहे. काय बोलणं चाललंय, हे शेजारच्या चारपाईवरच्यालाही माहीत नव्हतं. अशा मृत्यूला एकच कारण नसतं, हे मला कळतं. तरी 'बरं आहे' हा माझा निष्कर्ष मी विसरलेलो नाही.

फोनवर खापर फोडणं सोपं आहे. पण युरोपातल्या सैन्यांत आत्महत्येचं प्रमाण नागरिकांपेक्षा जास्त असल्याचं एमिल दुर्खीमनं १८९७ सालीच मांडलं होतं. तेव्हा कुणाच्या खिशात फोन होता? जुलै २०२० मध्ये सैन्यानं ८९ ॲप्स काढायला लावली, तीही सुरक्षेसाठी, आणि ते योग्यच होतं. रात्रीच्या त्या बोलण्याचा प्रश्न मात्र त्यानं सुटणारा नव्हता.

दुसऱ्या एका पोस्टिंगवर रात्री अकराला एका जवानाच्या बायकोचा फोन आला. "साहेब, हे आज नीट बोलत नाहीयेत." त्याला ड्यूटीवरून उतरवलं, सकाळपर्यंत आम्ही दोघं चहा पीत बसलो, मग डॉक्टरांकडे नेलं. आता तो हवालदार आहे. दिवाळीला मुलीचे फोटो पाठवतो.