शासकीय कामात अडथळा (बलप्रयोगाविना)

लोकसेवकाला त्याचे सरकारी काम करताना मुद्दाम अडवणे, पण अंगाला हात न लावणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२१ खालचा गुन्हा. १ जुलै २०२४ पूर्वी तो भारतीय दंड संहितेत कलम १८६ होता. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. दंडाची मर्यादा ५०० वरून २,५०० रुपये झाली. गुन्हा जामीनपात्र आहे.

लातूर तालुक्यातल्या मुरुडसारख्या बाजारगावात मात्र ‘सरकारी कामात अडथळा’ म्हटले की ‘तीनशे त्रेपन्न लागलं’ असेच समजतात. वर्तमानपत्री मथळ्यांनी हा घोळ वाढवलाच आहे. कलम ३५३, आताचे १३२, याला हल्ला किंवा फौजदारीपात्र बलप्रयोग लागतो, आणि ते अजामीनपात्र आहे. महाराष्ट्राने २०१८ मध्ये त्याची शिक्षा दोनवरून पाच वर्षांवर नेली होती. नव्या संहितेने दोनच वर्षे ठेवली.

थकबाकीपोटी वीज तोडायला आलेल्या लाइनमनच्या शिडीपुढे घरमालक आडवा उभा राहिला, तर प्रश्न २२१ चा. त्याने गचांडी धरली की १३२. नुसता आवाज चढवला तर? हल्ल्याच्या व्याख्येखालचे स्पष्टीकरणच सांगते, की केवळ शब्द म्हणजे हल्ला नव्हे. सोबतच्या हातवाऱ्यांना मात्र ते तसा अर्थ देऊ शकतात. बंगळुरूच्या वाहतूक पोलिसांवर फेसबुकवरून टीका करणाऱ्यांवर लावलेले ३५३ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले, कारण बलप्रयोग कुठेच नव्हता. नुसते बसून राहणे अडथळा ठरते का, याबाबत उच्च न्यायालयांची मते सारखी नाहीत.

खरी मेख कार्यपद्धतीत आहे. संबंधित लोकसेवकाने, त्याच्या वरिष्ठाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या दुसऱ्या लोकसेवकाने न्यायालयात लेखी फिर्याद दिल्याखेरीज २२१ ची दखल घेता येत नाही. ठाण्यातला एफआयआर आणि त्यावरचे दोषारोपपत्र पुरत नाही. साहेबांनी ठाण्यात तक्रार दिली, आता झाले, या समजुतीवर अशी प्रकरणे अडकतात. उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये १८६ याच त्रुटीवर रद्द केले. सोबतचे ३५३ ही टिकले नाही, कारण मूळ एफआयआरमध्ये बलप्रयोगाचा उल्लेखच नव्हता.

मनाई आदेश मोडणे हा पुन्हा तिसराच गुन्हा. २०१६ च्या दुष्काळात लातूर शहरातल्या पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. तिथे नुसती गर्दी करणे तेव्हाच्या कलम १८८ (आता २२३) खाली येई. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याची वाट अडवली, तर १८६.