बेथेलची जमीन

बदनापूरहून जालन्याला आपण नेहमी जातो. त्याच जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी बेथेल नावाचं गाव वसवलं. बेथेल म्हणजे देवाचं घर.

शेषाद्री जन्मानं ब्राह्मण. १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले, पुढे धर्मोपदेशक म्हणून निजामाच्या राज्यातल्या आपल्या भागात आले. त्यांचं प्रवचन ऐकायला मांग-महार माणसं येत. पण प्रवचन संपलं की पुन्हा गावकुसाबाहेरचं तेच घर, दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी अन् मिळेल ते बलुतं. बाप्तिस्म्यानं पोट भरत नाही. शेषाद्रींनी मग निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि तिथं या माणसांना वसवलं. आम्हाला त्यांच्या उपदेशापेक्षा ही खटपट मोठी वाटते.

आमच्या गटात चर्चला जाणाऱ्या आहेत, विहारात जाणाऱ्या आहेत, वारी करणाऱ्याही. बैठकीत आम्ही ही गोष्ट सांगितली, तर एक मावशी म्हणाल्या, “जमीन मिळाली खरी, पण बायांच्या नावावर किती?” मग आम्ही आमचंच विचारलं. अकरा जणींत सातबाऱ्यावर नाव दोघींचं. दोघीही विधवा.

पुढच्या बैठकीला सगळ्या आपापला सातबारा घेऊन येणार आहोत.