शीतगृहातील प्रसरण झडप

नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी भागातून निर्यात होणारी द्राक्षे खुडल्यावर काही तासांतच पूर्वशीतनगृहात, म्हणजे प्रीकूलिंगच्या खोलीत, न्यावी लागतात. तेथे त्यांचे तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या जवळ आणले जाते. विलंब झाला तर देठ सुकतात. तापमान फार उतरले तर मणी गोठतात. खोली भरते तेव्हा फळांत बागेतील उष्णता असते. काही तासांनी ती फारशी उरत नाही. या बदलत्या भारानुसार प्रशीतकाचा प्रवाह कमी-अधिक करण्याचे काम अनेक यंत्रणांत तापनियंत्रित प्रसरण झडप करते.

कॉम्प्रेसरने दाबलेला वायुरूप प्रशीतक कंडेन्सरमध्ये उष्णता बाहेर सोडून द्रवरूप होतो. झडपेच्या अरुंद छिद्रातून जाताना त्याचा दाब एकदम उतरतो. पुढे इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत तो कमी तापमानालाच उकळून खोलीतील उष्णता शोषतो. द्रव शिल्लक असेपर्यंत त्याचे तापमान जवळजवळ स्थिर राहते. सर्व द्रवाची वाफ झाली, की ते वाढू लागते. या वाढीला अतितापन किंवा सुपरहीट म्हणतात.

झडप चालते ती या अतितापनावर. इव्हॅपोरेटरमधून बाहेर पडणाऱ्या नळीला एक बल्ब घट्ट बांधलेला असतो. त्यातील प्रशीतकाचा दाब बारीक नळीतून झडपेच्या डोक्यातील लवचीक पडद्यावर पडतो आणि झडप उघडू पाहतो. इव्हॅपोरेटरमधील दाब आणि स्प्रिंग खालून तिला मिटू पाहतात. उष्ण फळे आली, की द्रव लवकर उकळून संपतो, बल्ब तापतो व झडप अधिक उघडते. फळे थंड होतील तशी ती मिटत जाते. यासाठी वीज लागत नाही. अतितापन साधारणतः पाच अंशांच्या आसपास राहील, असा स्प्रिंगचा ताण ठेवतात.

नावावरून ही झडप खोलीचे तापमान ठरवते, असा समज होतो. ते काम थर्मोस्टॅटचे आहे. त्यामुळे खोली थंड होत नाही म्हणून झडपेचा स्क्रू फिरवणे धोक्याचे ठरते. ती जास्त उघडल्यास न उकळलेला द्रव कॉम्प्रेसरमध्ये शिरतो; द्रव वायूसारखा दाबला जात नसल्याने आतील भाग मोडू शकतात. ती कमी उघडल्यास नळ्यांचा शेवटचा भाग कोरडा राहून शीतन मंदावते. बल्ब सैल झाला, तरी तो बाहेरच्या हवेने तापून झडप नको तेवढी उघडी ठेवतो.

नव्या यंत्रणांत हेच काम संवेदक आणि छोटी मोटर असलेल्या इलेक्ट्रॉनिक झडपाही करतात. जुन्या झडपेच्या बाबतीत मात्र हंगामापूर्वी बल्बची पकड व त्यावरील उष्णतारोधक आवरण तपासणे, ही सर्वांत स्वस्त खबरदारी होय.