विमानाचं दार बंद होण्याआधी

जवळपास चार वर्षं आधी : १ मे २००८

नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, या दिवशी एक नियमावली काढतं. ती आहे अपंगत्व असलेल्या किंवा हालचालींवर मर्यादा असलेल्या प्रवाशांसाठी. भाषा सरकारी, पण आशय सरळ. बुकिंग किंवा चेक-इन करताना प्रवाशानं आपली गरज सांगितली असेल, तर विमान कंपनी त्याला नाकारू शकत नाही. ज्याला फक्त चढण्या-उतरण्यात आणि प्रवासात थोडी मदत लागते, त्याच्याकडे वैद्यकीय दाखला मागायचा नाही. आदल्याच वर्षी भारतानं संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारालाही मान्यता दिलेली असते.

म्हणजे पुढे जे घडलं, ते नियम नव्हता म्हणून घडलं नाही. नियम होता, आणि जवळपास चार वर्षं जुना होता.

काही दिवस आधी : तिकीट

मुंबईची 'अडॅप्ट' ही संस्था गोव्यात एक आंतरराष्ट्रीय परिषद भरवते आहे. तारखा १९ ते २३ फेब्रुवारी २०१२. मुंबईकर या संस्थेला अजूनही जुन्या नावानं ओळखतात : स्पॅस्टिक्स सोसायटी. डॉ. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये ती सुरू केली, तेव्हा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना कोणती शाळा घेणार, या प्रश्नाला देशात जवळजवळ उत्तरच नव्हतं. गोव्यातल्या परिषदेचा विषयही त्याच वाटेवरचा आहे : अपंगत्व असलेली माणसं, त्यांची कुटुंबं, आणि गरीब देशांतल्या व्यवस्था त्यांच्या वाटेत उभ्या करतात ते अडथळे.

बोलावलेल्यांमध्ये कोलकात्याच्या जीजा घोष आहेत. त्यांना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्यांच्या वर्तुळात त्यांचं नाव सर्वांना ठाऊक आहे. संस्था त्यांचं जाण्यायेण्याचं तिकीट काढते. जाताना स्पाइसजेटचं विमान, कोलकाता ते गोवा, १९ तारखेच्या सकाळचं. परिषद त्याच दुपारी सुरू होणार आहे.

१९ फेब्रुवारी २०१२, रविवार सकाळ : चेक-इन

जीजा कोलकात्याच्या विमानतळावर पोहोचतात. काउंटरवरचा कर्मचारी त्यांना पाहतो, त्यांचं बोलणं ऐकतो आणि बोर्डिंग पास हातात देतो. पुढे हाच तपशील फार महत्त्वाचा ठरणार आहे. कुणाला काही शंका असती तर विचारायची जागा हीच होती. इथे वेळ होता, वरिष्ठांना बोलावता आलं असतं, विमानतळावरच्या डॉक्टरांना दोन शब्द विचारता आले असते. शंका कुणी घेतली नाही, कारण घेण्यासारखं काही नव्हतं.

सुरक्षा तपासणी होते. त्या विमानात चढतात आणि आपल्या जागेवर बसतात.

दार बंद होण्याआधी : आसनावर

इथे थोडं थांबून सेरेब्रल पाल्सी म्हणजे काय ते सांगायला हवं. सगळा प्रसंग ते माहीत नसण्याच्या भोवतीच फिरतो. जन्माआधी, जन्मताना किंवा अगदी तान्हेपणी मेंदूच्या एखाद्या भागाला इजा झालेली असते. त्यामुळे स्नायूंवरचा ताबा आयुष्यभर अपुरा राहतो. अनेकदा हात वाकडे वळतात, मान हलते, चाल डगमगते. जीभ, ओठ आणि घसा हेही स्नायूंनीच चालतात, म्हणून बऱ्याच जणांचे शब्द ओढल्यासारखे, अडखळल्यासारखे येतात आणि लाळ गिळणं सहज जमत नाही. सवय नसलेल्या माणसाला हे सगळं एखाद्या झटक्यासारखं वाटू शकतं. पण हा ताप नव्हे, झटका नव्हे, हवेत गेल्यावर वाढणारा आजारही नव्हे. आज सकाळी जसं आहे तसंच ते काल होतं आणि उद्या असेल. आणि बोलणं अडखळतं म्हणून विचार अडखळत नाही. ऐकणाऱ्यानं दोन मिनिटं कान लावला की वाक्यं कळू लागतात.

ती दोन मिनिटं त्या सकाळी जीजांना मिळाली नाहीत.

विमानातले कर्मचारी त्यांच्यापाशी येतात. बोर्डिंग पास दाखवा म्हणतात. त्या दाखवतात. मग सांगण्यात येतं : खाली उतरा.

पुढे न्यायालयात कंपनीनं आपली बाजू मांडली. बाईंची प्रकृती ठीक दिसत नव्हती, तोंडाच्या कडेनं फेस आणि रक्त येत होतं, त्यांनी आपल्या अपंगत्वाची पूर्वकल्पना दिली नव्हती, आणि प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी कॅप्टननं निर्णय घेतला. आधार दिला तो १९३७ च्या विमान नियमांचा. त्यानुसार विमानात शेवटचा शब्द कॅप्टनचा.

तो शेवटचा शब्द कॅप्टनकडेच असावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शेकडो जिवांची जबाबदारी असलेल्या माणसाला तो अधिकार हवाच. पण अधिकार माहितीवर उभा राहतो. खरोखरच रक्त दिसलं असेल तर माणूस आधी डॉक्टरला हाक मारतो. डॉक्टरला कुणी बोलावलं नाही. ज्या संस्थेनं तिकीट काढलं होतं तिला विचारता आलं असतं. सर्वांत सोपं म्हणजे समोर बसलेल्या बाईंना विचारता आलं असतं : तुम्हाला बरं वाटतंय का? ज्यांच्या शरीराबद्दल निर्णय चालला होता, त्या शुद्धीवर होत्या, बोलत होत्या, उत्तर देत होत्या.

दार बंद होण्याआधी : शेवटची मिनिटं

जीजा विरोध करतात. रडतात. गोव्याला पोहोचणं गरजेचं आहे, आज दुपारी परिषद आहे, असं सांगत राहतात. आजूबाजूला प्रवाशांनी भरलेल्या रांगा आहेत. हुकूम बदलत नाही.

त्यांना उतरवलं जातं. विमान त्यांच्याशिवाय गोव्याला निघतं.

का उतरवलं, हे त्यांना नंतर कळतं. टर्मिनलमध्ये परत आल्यावर कंपनीच्या अधिकाऱ्यांशी वाद घालताना उलगडा होतो, की कॅप्टननंच आग्रह धरला होता, आणि कारण होतं त्यांचं अपंगत्व.

त्याच दिवशी, दुपार : गोवा

परिषद सुरू होते. जीजा घोष तिथे नाहीत.

२० फेब्रुवारी

दुसऱ्या दिवशी तरी निघता येईल, अशी आशा होती. पण त्यांना झोप लागलेली नाही, अन्न जात नाही. त्यांना डॉक्टरांकडे न्यावं लागतं आणि औषधं सुरू होतात. आदल्या दिवशी विमानात बसताना ज्यांना डॉक्टरची गरज नव्हती, त्यांना ती आता लागली. प्रवास रद्द होतो आणि परिषद पूर्णच हुकते.

२०१२ ते २०१६ : दिल्ली

जीजा घोष आणि अडॅप्ट राज्यघटनेच्या कलम ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जातात. याचिकेत इतर प्रवाशांचे अनुभवही येतात. कुबड्या आहेत म्हणून एकाला विमानात बसू देत नव्हते. एकीला, काही झालं तर कंपनी जबाबदार नाही, अशा हमीपत्रावर सही करायला लावलं होतं. दृष्टी नसलेल्या एकाला तिकीटच नाकारलं होतं. वेगवेगळी शहरं, वेगवेगळ्या कंपन्या, आणि प्रत्येक ठिकाणी तोच १ मे २००८ चा नियम लागू होता. दरम्यान, २०१४ मध्ये डीजीसीए तो नियम सुधारून पुन्हा काढतं.

१२ मे २०१६ ला न्यायमूर्ती ए. के. सिक्री आणि न्यायमूर्ती आर. के. अग्रवाल यांचं खंडपीठ निकाल देतं. चेक-इनचा तो तपशील इथे पुन्हा समोर येतो. बोर्डिंग पास रीतसर दिला गेला होता. वैद्यकीय सल्ला कुणी घेतला नव्हता. जीजा घोष यांना उतरवण्याची गरजच नव्हती, त्यांना संवेदनशील वागणूक मिळाली नाही आणि कंपनीनं नियम मोडले, असं न्यायालय ठरवतं. दोन महिन्यांच्या आत दहा लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश होतो.

दहा लाखांपेक्षा मला या निकालातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते. विमानात बसू देणं ही कंपनीची मेहरबानी नाही, सन्मानानं जगण्याच्या घटनादत्त हक्काचा तो भाग आहे, हे देशातल्या सर्वांत वरच्या न्यायालयानं नोंदवून ठेवलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात संसदेनं अपंग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा मंजूर केला.

७ मे २०२२, शनिवार : रांची

निकालाला सहा वर्षं होत आली आहेत. रांची विमानतळावर इंडिगोच्या हैदराबादच्या विमानासाठी एक कुटुंब आलं आहे : आई, बाबा आणि विशेष गरजा असलेला किशोरवयीन मुलगा. मुलगा अस्वस्थ होतो. कंपनीचे कर्मचारी म्हणतात, तो घाबरलेला आहे, इतर प्रवाशांच्या सुरक्षिततेला धोका आहे. आईवडील त्याला शांत करत आहेत. सहप्रवासी मुलाच्या बाजूनं बोलतात. त्यांच्यात डॉक्टरही आहेत आणि लागेल ती मदत करू, असं ते सांगतात. कोलकात्यात ज्याची उणीव होती, ते सगळं इथे दारापाशी हजर आहे.

तरीही मुलाला चढू देत नाहीत. आईबाबा त्याच्यासोबत मागे राहतात. विमान निघून जातं. ते तिघं दुसऱ्या दिवशी जातात.

प्रसंग पाहणाऱ्या एका सहप्रवासी महिलेनं तो समाजमाध्यमांवर लिहिला, म्हणून देशाला कळला. डीजीसीएनं चौकशी नेमली आणि २८ मे रोजी कंपनीला पाच लाखांचा दंड केला. मुलाशी अधिक मायेनं वागलं असतं तर तो शांत झाला असता आणि त्याला नाकारण्याची वेळ आली नसती, हा चौकशीचा निष्कर्ष होता.

जुलै २०२२

डीजीसीए पुन्हा नियम बदलतं. अपंगत्वाच्या कारणावरून कुणालाही नाकारता येणार नाही. पण उड्डाणात प्रवाशाची तब्येत बिघडेल असं कंपनीला वाटलं, तर डॉक्टरनं त्याला प्रत्यक्ष तपासावं आणि तो प्रवासाला योग्य आहे की नाही हे स्पष्ट सांगावं. निर्णय त्यानंतरच, आणि नाकारलं तर कारणं लेखी द्यायची.

मनमानीपेक्षा हे बरं आहे, हे मान्य करायला हवं. २०१२ च्या त्या सकाळी हा नियम पाळला गेला असता, तर जीजा घोष दुपारी गोव्यात असत्या. पण २००८ च्या नियमानं ज्यांच्याकडे दाखला मागायचा नाही म्हटलं होतं, त्यांना आता एखाद्या कर्मचाऱ्याच्या नुसत्या शंकेवरून दारातून बाजूला घेऊन डॉक्टरपुढे उभं करता येतं. तपासणी होईपर्यंत विमान थांबेलच असंही नाही. शंका घेणारा माणूस तोच राहतो. सेरेब्रल पाल्सी किंवा स्वमग्नता असलेल्या व्यक्तीशी तो याआधी कधी बोललेला आहे का, हे बोर्डिंगच्या दारात कुणीही विचारत नाही.