वाट आणि राजकोष : कोकणच्या लोहमार्गापासून घ्यावयाचा धडा

परप्रांती स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना गावाचे अंतर मैलांनी मोजण्याची सवय नसते. ते अंतर आपण गाड्यांच्या वेळांनी, बदलाव्या लागणाऱ्या स्थानकांनी आणि शेवटच्या एस.टी.ने मोजतो. आपल्या मंडळाची स्थापना झाली त्या सुमारास, म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी, तेव्हाच्या अखंड रत्नागिरी जिल्ह्यात लोहमार्गाचा एक रूळही पडलेला नव्हता. सुवर्णमहोत्सवाच्या या अंकात गेल्या पन्नास वर्षांचा हिशेब मांडताना, त्या जिल्ह्यात गाडी कशी आली, ती येण्यास इतका विलंब का लागला आणि तिचे पैसे कोणी भरले, या प्रश्नांचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण या प्रश्नांच्या उत्तरातच, दळणवळणाच्या साधनांवर शासनाने मुक्तहस्ताने खर्च का करावा, याचे उत्तर दडलेले आहे.

हिंदुस्थानातील पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास गेली, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. नाना शंकरशेट आणि सर जमशेटजी जिजीभाई यांच्यासारख्या मुंबईकरांनी या उपक्रमास दिलेले पाठबळही सुविदित आहे. मात्र हा मार्ग ज्या पैशावर उभा राहिला, त्याची हकीकत तितकीशी सांगितली जात नाही. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे ही खाजगी कंपनी होती. परंतु १८४९ च्या करारान्वये तिला जमीन विनामूल्य मिळाली आणि भांडवलावर पाच टक्के व्याजाची सरकारी हमी मिळाली. नफा कमी पडला, तर तूट सरकारी खजिन्यातून, म्हणजे येथील रयतेच्या करांतून, भरून निघे. लोहमार्ग खाजगी उद्योजकतेने बांधले आणि शासनाने त्यात पैसा घालणे ही पुढची विकृती आहे, असे जे अधूनमधून ऐकू येते, ते म्हणूनच इतिहासास धरून नाही. या देशातील लोहमार्गाच्या मुळाशी पहिल्या दिवसापासून राजकोष आहे. वाद आहे तो इतकाच, की तो पैसा कोणासाठी आणि कोणत्या वाटेवर खर्च व्हावा.

तो पैसा कोठे गेला हे नकाशावर दिसते. १८६३ साली बोरघाट आणि १८६५ साली थळघाट ओलांडून गाड्या देशावर चढल्या. या घाटांच्या बांधणीत हजारो मजुरांनी प्राण गमावले, आणि त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. १८६७ साली मार्ग नागपुरास भिडला. वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबई बंदरात वेगाने यावा, हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. गणेश व्यंकटेश जोशी आणि नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी सरकारच्या रेल्वेखर्चावर जी टीका केली ती याच अनुषंगाने. शिक्षण, पाटबंधारे आणि आरोग्य यांना चिमूटभर पैसा आणि परकीय व्यापाराच्या सोयीच्या मार्गांना पसाभर, हे त्यांना मान्य नव्हते. त्यांचा आक्षेप अग्रक्रमावर होता. ज्याच्या करातून मार्ग उभा राहतो, त्या रयतेची सोय त्या मार्गाने साधावी, हा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ आम्ही समजतो.

शासनाला ही दृष्टी अगदीच नव्हती असेही नाही. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० साली, दुष्काळी मुलखात धान्य पोहोचविण्याकरिता संरक्षक मार्ग बांधावेत, अशी शिफारस केली. १८८२ साली स्थापन झालेली सदर्न मराठा रेल्वे त्याच विचारातून निघाली. होटगी-विजापूर-गदग हा मार्ग व्याजाच्या हिशेबात कदाचित बसला नसता. परंतु माणसे वाचविण्याच्या हिशेबात तो बसत होता. पुढे ॲकवर्थ समितीच्या शिफारशींनंतर १९२४ पासून रेल्वेचे अंदाजपत्रक सामान्य अंदाजपत्रकापासून वेगळे मांडले जाऊ लागले आणि १९२५ साली जी.आय.पी. रेल्वे सरकारच्या व्यवस्थापनाखाली आली. ही वेगळ्या अंदाजपत्रकाची प्रथा २०१७ पर्यंत चालली.

या साऱ्या काळात कोकण मात्र वाटेबाहेरच राहिले. एका अंगास सह्याद्री, दुसऱ्या अंगास समुद्र, आणि मध्ये दर काही कोसांवर खाडी. आगबोट हीच तेथील लोकांची रेल्वे होती. पावसाळ्यात समुद्र खवळला की तीही बंद. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य अवघ्या महिन्यावर आले असताना कितीतरी घरांतून एकाच दिवशी चुली विझल्या. ज्या प्रदेशाला दुसरी वाट नसते, तो प्रदेश असलेल्या एकाच वाटेवर जीव उधार ठेवून चालतो, हे त्या दुर्घटनेने दाखवून दिले.

कोकणात लोहमार्ग व्हावा ही मागणी अनेकांनी आयुष्यभर लावून धरली. अ. ब. वालावलकर यांचे नाव या संदर्भात कृतज्ञतेने घ्यावयास हवे. १९५७ पासून १९७१ साली निधन होईपर्यंत राजापूरचे खासदार असलेले बॅरिस्टर नाथ पै यांनी हा प्रश्न लोकसभेत नेला. त्यांच्यामागून प्रा. मधू दंडवते यांनी तो वारसा चालविला. तथापि काम पुढे सरकले ते गोगलगाईच्या गतीने. दिवा-पनवेल १९६४, आपटा १९६६, आणि रोहे १९८६. आपट्याहून रोह्यास पोहोचण्यास वीस वर्षे! अंतर काही डोंगराएवढे नव्हते. डोंगराएवढा होता तो ‘हा मार्ग किफायतशीर ठरेल काय’ हा प्रश्न. दरवर्षी थोडा पैसा, त्यात थोडे काम, आणि पुढील वर्षाकडे बोट, असा तो क्रम होता.

हा क्रम मोडला तो १९९० साली. दंडवते अर्थमंत्री आणि मूळचे मंगळूरचे जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, असा योग जुळून आला. वार्षिक अंदाजपत्रकाच्या तुटपुंज्या तरतुदीवर विसंबून न राहता स्वतंत्र महामंडळ स्थापावे असे ठरले. त्यात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के. येथे आम्ही वाचकांचे लक्ष एका गोष्टीकडे वेधू इच्छितो. रत्नागिरीच्या डोंगरातून जाणाऱ्या या मार्गात बंगळूरच्या आणि कोचीच्या करदात्याचाही पैसा आहे. त्या राज्यांत राहणारी मराठी कुटुंबे म्हणूनच या मार्गाची केवळ उतारू नव्हेत, भागीदारही आहेत.

ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले. रोह्यापासून मंगळूरजवळील ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर. नव्वदाहून अधिक बोगदे. लहानमोठे सुमारे दोन हजार पूल. साडेसहा किलोमीटरांचा करबुड्याचा बोगदा. आणि रत्नागिरीजवळ पानवल येथे ६४ मीटर उंचीचा पूल. चाळीस हजारांहून अधिक जमीनमालकांची जमीन घ्यावी लागली. गोव्यात मार्गाच्या आखणीवरून मोठे आंदोलन झाले आणि पेडण्याच्या बोगद्यातील भुसभुशीत मातीने अभियंत्यांची कसोटी पाहिली. तरीही जानेवारी १९९८ मध्ये संपूर्ण मार्गावर गाडी धावली. मुंबई-मंगळूर हे पूर्वी २,०४१ किलोमीटरांचे लोहमार्गाचे अंतर ९१४ वर आले. जे आठ वर्षांत झाले ते आधीच्या चाळीस वर्षांत होऊ शकले नसते काय? सह्याद्री तोच होता, खाड्याही त्याच होत्या. बदलली होती ती पैशाची निश्चिती.

मात्र या यशोगाथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. महामंडळाचे मूळ भागभांडवल अवघे ८०० कोटींचे योजलेले, आणि खर्च गेला साडेतीन हजार कोटींच्या घरात. मधली तफावत प्रामुख्याने कर्जरोख्यांतून भरली गेली. व्याजाचा डोंगर साचला आणि पुढे केंद्राला तो भार हलका करावाच लागला. या मार्गावरील भाडे प्रत्यक्ष अंतराहून वाढीव अंतर धरून आकारण्याची पद्धतही यातूनच पडली. ज्यांनी गाडीसाठी सर्वांत अधिक काळ वाट पाहिली, त्यांनीच प्रत्येक किलोमीटरमागे अधिक पैसे मोजावेत, हा न्याय आम्हांस विपरीत वाटतो. बोरघाटाच्या खर्चाचे व्याज पुणेकरांकडून वेगळे वसूल केले गेले नव्हते.

दुसरी किंमत याहून जड होती. २२ जून २००३ रोजी वैभववाडीनजीक दरड कोसळून झालेल्या अपघातात पन्नासाहून अधिक उतारू दगावले. पुढच्याच वर्षी जूनमध्ये करंजाडीनजीक पुन्हा अपघात झाला. त्यानंतर डोंगरउतारांच्या बंदोबस्तावर, जाळ्यांवर आणि पावसाळी गस्तीवर पुष्कळ काम झाले. लोहमार्ग एकदा बांधला की संपले, असे नसते. दरवर्षीच्या पावसाबरोबर तो नव्याने राखावा लागतो, आणि राखण्याचा पैसाही तितक्याच निश्चितीने लागतो.

कोणी म्हणेल, शासनाचा पैसा मर्यादित आहे. शाळा आहेत, दवाखाने आहेत, पाणी आहे. हा आक्षेप खरा आहे. परंतु थेंबाथेंबाने दिलेला पैसा वाचत नाही, तो केवळ अधिक खर्चिक होतो. नगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरांचा मार्ग १९९५ साली मंजूर झाला. डोंगर-खाड्यांच्या दृष्टीने तो कोकणाच्या मानाने सोपा. मूळ अंदाज ३५३ कोटींचा. तो पुढे ४,८०० कोटींच्या वर गेला. बीडला गाडी पोहोचली ती सप्टेंबर २०२५ मध्ये. या तीस वर्षांत एक पिढी शाळेत गेली, शिकली आणि पोटासाठी बसमध्ये बसून बाहेर पडली. मुंबई-गोवा महामार्गाचे २०११ पासून एका तपाहून अधिक काळ रेंगाळलेले चौपदरीकरण हे याच रोगाचे दुसरे लक्षण. अर्धवट सोडलेली वाट हा सर्वांत महाग खर्च होय.

म्हणून आमची मागणी साधी आहे. २०२२ साली कोकण मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले; परंतु दुहेरीकरण २०२१ साली रोहे ते वीर या सुमारे ४७ किलोमीटरांवर झाले असून उरलेला मार्ग बहुतांशी एकेरीच आहे. समोरून येणाऱ्या गाडीसाठी खोळंबणाऱ्या प्रत्येक गाडीत त्या अपुऱ्या खर्चाची किंमत उतारू आपल्या वेळेने मोजत असतात. २०२५ साली महाराष्ट्र शासनाने, ‘कोकण रेल्वे’ हे नाव कायम राखण्याच्या अटीवर, हे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करण्यास संमती दिली. या विलीनीकरणाचा अर्थ केवळ पाटी बदलणे असा होऊ नये. दुहेरीकरण, स्थानकांच्या सोयी आणि दरडींचा बंदोबस्त यांसाठी केंद्राने आणि राज्याने अनेक वर्षांची तरतूद एकदाच ठरवावी आणि ती पाळावी. वाढीव भाड्याची पद्धत बंद व्हावी. आणि मराठवाडा-विदर्भातील अपुऱ्या मार्गांना कोकणास १९९० साली मिळाली तशी पैशाची निश्चिती मिळावी. कर्जाचा डोंगर मात्र मिळू नये.

वाट ही नफ्यासाठी नसते असे आम्ही म्हणत नाही. तिचा नफा तिकिटाच्या खिडकीवर मोजता येत नाही, एवढेच आमचे म्हणणे. तो रत्नागिरीच्या आंबा-बागायतदाराच्या घरी, दवाखान्यात वेळेवर पोहोचलेल्या रुग्णाच्या घरी, आणि गणपतीला दोन दिवसांसाठी का होईना गावी पोहोचलेल्या आपल्यासारख्यांच्या घरी जमा होतो. नाथ पै यांना ती गाडी पाहावयास मिळाली नाही. आपल्या मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांत जी बालके वाढतील, त्यांना आजोळची वाट सुखाची व्हावी, यासाठी आपण जेथे आहोत तेथून, पत्रांनी, निवेदनांनी आणि मतांनी हा आग्रह धरीत राहिले पाहिजे.