क्रिंपिंग (काडतुसाचे)

काडतुसाच्या पितळी पुंगळीचे तोंड गोळीभोवती आवळण्याची क्रिया. ती ‘डाय’ या पोलादी साच्यात होते. तिचे मुख्य प्रकार दोन. निमुळत्या क्रिंपमध्ये पुंगळीची कड सरळ दाबली जाते. वळीव क्रिंपमध्ये ती गोळीवरील खाचेत वळवतात. ९ मिमी पिस्तुलाचे काडतूस कक्षात पुंगळीच्या तोंडावरच टेकते, म्हणून त्याला निमुळता क्रिंप देतात. तोंडाचा बाहेरील व्यास ९.६५ मिमीपेक्षा जास्त चालत नाही. .३८ रिव्हॉल्व्हरचे काडतूस बुडाच्या कडेवर टेकत असल्याने त्याला वळीव क्रिंप चालतो.

पकड ढिली राहिल्यास पिस्तुलात गोळी पुंगळीत आत सरकते, दारूची जागा कमी होते व दाब धोकादायकरीत्या वाढतो. रिव्हॉल्व्हरमध्ये धक्क्याने गोळी पुढे सरकून चक्र अडकते. डाय गरजेपेक्षा खाली उतरल्यास पुंगळी फुगते आणि कक्षात बसत नाही.

अमेरिकेत अनेक नेमबाज वापरलेल्या पुंगळ्या घरी पुन्हा भरतात. पुणे जिल्ह्यात काडतुसे बनवण्याचे काम खडकीच्या दारूगोळा कारखान्याचे आहे. १८६९ मध्ये स्थापन झालेला हा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे. बारामती एमआयडीसीसारख्या वाहननिर्मितीच्या वसाहतींत ‘क्रिंपिंग’ म्हणजे वायरीच्या टोकाला ‘लग’ हा धातूचा जोड दाबून बसवणे. तत्त्व तेच, पकडीचे.

भारतात परवान्याविना काडतूस बनवणे हा शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गुन्हा असून २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यास किमान ७ वर्षे कारावासाची शिक्षा आहे.