आचेला टिकणारे दूध

ज्या घरी नुकतीच गाय किंवा म्हैस व्यालेली असते, तिथे खरवस करणाऱ्या बाईला प्रथिनशास्त्रातली एक अवघड गोष्ट हाताने ठाऊक असते. पहिल्या दिवसाचा चीक नुसता वाफवला तर दडस होतो, म्हणून त्यात दूध घालायचे. तिसऱ्या दिवसाच्या चिकात दूध घालताना मात्र हात आखडता घ्यायचा. साधे दूध कितीही वाफवा, त्याची वडी पडत नाही. चीक आचेने बांधला जातो, दूध बांधले जात नाही. या विषयाचे दार तिथेच उघडते.

दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे 80 टक्के केसीन असते आणि केसीन आचेला दाद देत नाही. गायीचे ताजे दूध 140 अंश सेल्सिअसला धरून ठेवले, तरी ते फुटायला साधारण वीस मिनिटे लागतात. अंड्याचा पांढरा भाग किंवा मांस याच्या उलट वागतात: त्यांची प्रथिने तापली की उलगडतात, एकमेकांत अडकतात आणि घट्ट होतात. चिकात अशी आचेने बांधली जाणारी प्रथिने भरपूर असतात, साध्या दुधात ती थोडी. ती चीज करताना वेगळ्या होणाऱ्या हिरवट निवळीतली. म्हणजे तव्यावर मांस आवळते आणि चीज सैल होऊन पसरते. दुधापासून मांसासारखा पदार्थ करू पाहणाऱ्याला चवीच्या आधी ही उलटी चाल सुधारावी लागते. मसाला काय, कुठल्याही वाण्याकडे मिळतो.

आपल्याकडे त्याचे एक उत्तर रोज ताटात असते. पनीरसाठी दूध आधी उकळीच्या जवळ नेतात. त्या वेळी निवळीतली प्रथिने केसीनला चिकटतात. मग लिंबू किंवा व्हिनेगर पडले की केसीनच्या कणांना सांधणारे कॅल्शियम बरेचसे विरघळून बाहेर जाते. उरलेले जाळे पुन्हा वितळत नाही. सायप्रसचे हलूमी चीजही तव्यावर वितळत नाही, पण त्याची वाट वेगळी आहे: दूध आंबटाने नव्हे, रेनेट या विकराने (एन्झाइमने) जमवतात आणि दाबलेल्या वड्या निवळीतच उकळतात. वरून सारखे दिसणारे हे दोन पदार्थ आतून किती वेगळे, हे समजायला मला स्वतःला बराच काळ लागला. नव्या वाचकाने इथे घाई करू नये.

तरीही पनीर मांसासारखे लागत नाही, कारण त्याला धागा नाही. पनीर उभे कापा की आडवे, आत सारखेच. मांसाला रेषा असते, दात तिच्या बाजूने वेगळा आणि आडवा वेगळा चालतो. गंमत अशी की, दुधाचा धागा आधी कापडासाठी निघाला. 1930 च्या दशकात इटलीत अंतोनियो फेरेत्ती यांनी केसीनपासून लोकरीसारखे सूत काढले. ‘लानिताल’ या नावाने ते विकले जाई. पुढे सोयाबीनच्या सुतावर काम केलेल्या रॉबर्ट बॉयर यांनी प्रथिनांचे धागे खाण्यासाठी काढण्याचे अमेरिकी पेटंट 1954 मध्ये मिळवले. मागाकडून ताटाकडे झालेला हा प्रवास पाकशास्त्राच्या पुस्तकांत क्वचितच सापडतो.

नेदरलँड्समध्ये 2005 साली आलेल्या ‘व्हॅलेस’ या दुधाच्या मांसपर्यायाने धागा दुधातच पाडला. समुद्री शेवाळातून मिळणारे अल्जिनेट कॅल्शियम भेटताच गोठते, आणि दुधात तर कॅल्शियम खच्चून भरलेले. दोन्ही नुसते एकत्र केले तर गुठळ्या होतील. म्हणून फॉस्फेट घालून आधी ते कॅल्शियम बांधून ठेवायचे, मिश्रण एकजीव करायचे आणि मग ढवळता ढवळता वेगळे कॅल्शियम सोडायचे. दुधाची प्रथिने पोटात घेऊन तंतू तयार होतात. ही युक्ती मला या क्षेत्रातली सर्वांत देखणी वाटते. असा तंतू आचेने वितळत नाही. मात्र खारट रश्शात तो फार वेळ रटरटला, तर मिठातले सोडियम कॅल्शियमची जागा घेऊ लागते आणि तंतू मऊ पडतो. तव्यावरच्या परीक्षेत पास झालेला पदार्थ रश्शात नापास होऊ शकतो, तो असा. वाखेनिंगेन विद्यापीठातल्या संशोधकांनी निराळी वाट धरली: कॅल्शियम केसिनेटचा दाट लगदा फिरत्या यंत्रात ताणायचा आणि विकराने सांधायचा. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात शेवाळाचा आधारही नव्हता.

एक सांगून ठेवतो. ‘मांसाला पर्याय’ हे नाव आपल्याकडे अडखळते. जन्मभर शाकाहारी असलेल्या माणसाला मांसाची नक्कल कशाला हवी? आणि दूधही प्राण्याचेच, त्यामुळे व्हीगन मंडळी दारातूनच परततात. मांस कमी करू पाहणारा मांसाहारी हाच या पदार्थाचे खरे गिऱ्हाईक आहे, आणि तो सुक्क्यात, रश्शात, तव्यावर असा तिन्हीकडे कसून पाहणार.

हे घरी पडताळायचे तर पहिल्या प्रयोगाला यंत्र लागत नाही. पनीर, मोझरेला आणि खरवस यांचे सारखे तुकडे कापा, बिडाच्या तव्यावर मध्यम आचेवर पाच मिनिटे ठेवा. कोणी पाणी सोडले, कोण पसरले, कोण आधी लाल झाले, हे वहीत लिहा. खरवस बिनगुळाचा घ्या, नाहीतर गूळ करपेल आणि दोष दुधाला लागेल.